कॉन्ट्रॅक्टर निवडताना आम्ही गवंड्याला विचारलं

आमच्या आईबाबांच्या घराचं रिनोव्हेशन झालं तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच जणांनी एकच प्रश्न विचारलाय, कॉन्ट्रॅक्टर कसा शोधला, आणि फोनवर सांगताना निम्मं राहून जातं म्हणून सगळं प्रकरण एकदाच लिहून काढतेय. घर एक, काम एक, पण कॉन्ट्रॅक्टर दोन झाले. पहिल्यानं अर्ध्यात सोडलं, दुसऱ्यानं पूर्ण केलं, त्यामुळं दोन्ही निवडी शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. आकडे जसेच्या तसे देतेय.

घर सोलापुरात विजापूर रोडला, साडेआठशे स्क्वेअर फुटाचं, बाबांनी 1993 ला बांधलेलं. कॉलम-बीमचा सांगाडा नाही, 9 इंची विटांच्या भिंती आणि त्यांच्यावरच स्लॅब टेकलेला, म्हणजे ज्याला लोड बेअरिंग म्हणतात ते. स्लॅब पडून चार-पाच महिनेच झाले होते आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सोलापुरातसुद्धा लोक रस्त्यावर आले होते, आणि आमच्या घराला एक केसाएवढी चीर गेली नाही हे बाबा आजपण येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. हे आत्ता सांगायचं कारण पुढं येईल.

2023 च्या पावसाळ्यानंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलं, म्हणजे कमोड हवा, बाथरूमचा चार इंचाचा उंबरा काढायला हवा, वॉकर आत जाईल एवढा दरवाजा हवा. त्यातच किचनच्या वरचा स्लॅब दोन वर्षांपासून ओल धरत होता, आणि किचन आणि जेवणाच्या खोलीमधला 3 फुटांचा दरवाजा मोठा केला तर आईला वळायला सोपं जाईल असं ठरलं. दादा पुण्याला असतो, तो निम्मे पैसे घालणार होता, बाकी बाबांच्या एफडीतून. मी जुळे सोलापुरात राहते आणि शाळेत शिकवते, त्यामुळं रोजची देखरेख माझ्याकडं.

पहिली निवड आम्ही कशी केली ते आधी सांगते. बाबांच्या जुन्या मित्राच्या मुलाकडं ज्यानं काम केलं होतं तो माणूस, दोन गल्ल्या सोडून राहणारा, बोलायला गोड, आईला काकू म्हणणारा. तो आला, दहा मिनिटं घरातून फिरला, टेप काढला नाही, आणि म्हणाला "काका तुम्ही टेन्शनच घेऊ नका, आपलं घर समजून करतो." दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर कोटेशन आलं, त्याच्यात एकच ओळ होती, बाथरूम, किचन व गच्ची रिनोव्हेशन मटेरियलसह 5,40,000 रुपये. आम्हाला ते स्वच्छ आणि सोपं वाटलं. पहिल्या दिवशी त्यानं 1,80,000 उचल मागितली, आठव्या दिवशी टाइल्स बुक करायच्या म्हणून अजून 70,000. आम्ही दोन्ही वेळा यूपीआयनं दिले, तेवढा एक पुरावा हातात राहिला.

दिवाळी झाल्यावर काम सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं जेवढं म्हणून फोडण्यासारखं होतं तेवढं सगळं फोडलं. बाथरूम, ओटा, गच्चीचा कोबा म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर, एकाच वेळी. आम्हाला वाटलं काय जोरात काम चाललंय. आता कळतंय की फोडलेल्या घरातला मालक कुठंच जाऊ शकत नाही, त्याला त्याच कॉन्ट्रॅक्टरला धरून बसावं लागतं. अकराव्या दिवशी दरवाजा मोठा करायला भिंतीला ब्रेकर लावला, वर टेकू वगैरे काही नाही, आणि संध्याकाळी मी शाळेतून गेले तर बाबा त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलेले. लिंटेलच्या, म्हणजे दरवाजावरच्या आडव्या तुळईच्या, कोपऱ्यातून तिरकी चीर स्लॅबपर्यंत गेली होती. मी नख घालून बघितलं तर नख आत जात होतं. बाबा एवढंच म्हणाले, "भूकंपात नाही गेली गं."

बाराव्या दिवशी कोणीच आलं नाही. तेराव्या दिवशी गवंडी एकटाच आला, त्याची थापी आणि लेव्हल ट्यूब न्यायला. अक्कलकोटकडचा माणूस, घरी कानडी बोलणारा, आम्ही त्याला अण्णाच म्हणायचो. आईनं पाणी दिलं, तो दारातच उभा राहून प्यायला आणि म्हणाला, "अक्का, तुमचं काम सोडायचं नव्हतं. पण दोन हप्ते झाले आमचा पगार नाही. तुमचा पैसा त्यांनी दुसऱ्या साइटला लावलाय." आई म्हणाली तुम्ही आधी सांगायचं की, तर म्हणाला, "सांगितलं असतं तर आमचा मागचा पगार पण बुडतोय की."

पुढं तो कॉन्ट्रॅक्टर उद्या येतो परवा येतो करत राहिला, मग फोन उचलायचा बंद झाला. आम्ही 2,50,000 दिले होते. नंतर आलेल्या इंजिनिअरनं झालेल्या कामाची आणि पडलेल्या मटेरियलची किंमत 92,000 काढली. रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवल्यावर दोन वेळा मिळून 40,000 परत आले, बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी लागत नाही आणि मुदत 2 वर्षांची असते, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. ते चालू आहे, त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

आईबाबांना माझ्याकडं आणलं आणि आधी त्या चिरेचं बघायचं ठरलं. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावले, त्यांनी 5,000 फी घेतली, आणि या सगळ्या प्रकरणात सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे ते. त्यांनी पहिल्यांदा भिंतीची जाडी मोजली, मग गच्चीवर जाऊन कुठली भिंत कुठल्या भिंतीवर येते ते बघितलं आणि खाली येऊन सांगितलं की या भिंतीवर दोन्ही बाजूच्या स्लॅबचं वजन आहे, ही पडदी भिंत नाही. साडेचार इंचाची नुसती पार्टिशन असती तर वेगळी गोष्ट, ही तशी तोडायची नाहीच. त्याच दिवशी स्लॅबला खालून लोखंडी जॅक लावायला लावले आणि कागदावर काढून दिलं, दरवाजाची मोकळी जागा 5 फुटांच्या वर नको, वर आरसीसी म्हणजे आत लोखंड घातलेल्या कॉंक्रीटचं लिंटेल, दोन्ही टोकांना भिंतीवर 9-9 इंच टेकण, आणि कॉंक्रीट झाल्यावर जॅक 14 दिवस काढायचे नाहीत.

आता दुसरी निवड. दादा म्हणत होता पुण्याची एखादी कंपनी बघू, सगळं ऑनलाइन असतं, थ्रीडी डिझाइन देतात. माझ्या डोक्यात मात्र अण्णाचं ते वाक्य बसलं होतं. आमचे पैसे देऊन झाले होते, काम करणारे हात चांगले होते, आणि तरी काम थांबलं ते मधल्या माणसानं खालच्यांचे पैसे दिले नाहीत म्हणून. मग मधला माणूस कसा आहे हे खालचा माणूसच सांगणार ना. आपण काय करतो, कॉन्ट्रॅक्टरनं ज्यांचं घर केलंय त्या घरमालकांना विचारतो, आणि ते घर दाखवणारा स्वतः कॉन्ट्रॅक्टरच असतो, तो नाराज मालकाकडं कशाला नेईल.

मी अण्णाला फोन केला आणि सरळ विचारलं की अण्णा, सोलापुरात असा कोण आहे ज्याच्याकडं तुम्ही उद्या बोलावलं तर परत कामाला जाल. त्यानं जरापण वेळ घेतला नाही, दोन नावं सांगितली. तिसरं नाव आलं ज्या हार्डवेअरच्या दुकानातून आम्ही नळ घेतले होते तिथून. दुकानदाराला मी विचारलं होतं की महिन्याच्या महिन्याला उधारी कोण चुकतं करतं. दुकानदार अशा गोष्टी पटकन सांगत नाहीत, पण आमची कहाणी ऐकल्यावर सांगितलं त्यांनी.

तिघांना बोलवायच्या आधी इंजिनिअरकडून कामाची यादी करून घेतली, मापांसकट. गच्चीचा कोबा 320 स्क्वेअर फूट, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, डॅडो म्हणजे भिंतीवरच्या टाइल्स 7 फुटांपर्यंत, टाइल्सचा बेस रेट 55 रुपये फूट, सीपीव्हीसी पाइप, ओट्याला खाली कडप्पा वर ग्रॅनाइट, राडारोडा उचलणं, सगळं ओळीनं. तिघांना तोच कागद दिला आणि सांगितलं की प्रत्येक ओळीसमोर आकडा लिहा. आकडे आले 3,60,000, 4,48,000 आणि 5,10,000. बाबा लगेच पहिल्याकडं झुकले, साहजिक आहे, एवढे पैसे बुडाल्यावर. पण ओळी जुळवून बघितल्या तर पहिल्यानं राडारोडा धरलाच नव्हता, वॉटरप्रूफिंगपुढं गरज पडल्यास असं लिहिलेलं, टाइल्स 35 च्या धरलेल्या. तेवढं भरून काढलं तर तो 4,38,000 पर्यंत जात होता, म्हणजे दुसऱ्यापेक्षा फक्त 10,000 नं कमी. ही बेरीज आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून बाबांच्याच हातानं करून घेतली, त्यांना पटायला तेवढं पुरलं. तिसरा माणूस कामाला चांगला होता म्हणतात पण त्याला निम्मे पैसे आधी हवे होते, तिथं आमची हिंमतच झाली नाही.

दुसरा माणूस आला तेव्हाचं मला अजून आठवतंय, कारण त्यानं घरात आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. "मॅडम, इथं पाणी किती दिवसाआड येतंय? हौद केवढा आहे?" सोलापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको, आपल्याकडं पाणी रोज येत नाही, आणि ते 2024 साल होतं, आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला, ज्यातून शहराला पाणी येतं ते उजनी धरण जानेवारीतच मायनसमधे गेलेलं. धरण 117 टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) आहे पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी, आणि मायनस म्हणजे त्याच्यातलं पाणी ओढायला लागलं. त्यामुळं पाणीपुरवठ्याचे दिवस पुढं जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. आमचा हौद 5,000 लिटरचा. तो म्हणाला मग कॉंक्रीट आणि कोबा पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशीच धरू, क्युरिंगला, म्हणजे नवीन काम भिजवत ठेवायला, पाणी कमी पडलं तर सिमेंट कितीपण चांगलं वापरा, उपयोग नाही. मग त्यानं हौदाचं झाकण उघडून बघितलं, बाथरूमचा चेंबर हौदापासून किती लांब आहे ते पावलांनी मोजलं. त्यानंतर आईला विचारलं की उजव्या हाताला जोर आहे का डाव्या, कारण भिंतीतला धरायचा दांडा त्या बाजूला लावायचा. पहिल्या माणसानं आम्हाला एकसुद्धा प्रश्न विचारला नव्हता हे मला तेव्हा लक्षात आलं.

तरी लगेच होय म्हणलं नाही. त्याची चालू साइट अक्कलकोट रोडला होती, ती बघायला मी मुद्दाम शनिवारी संध्याकाळी गेले, न सांगता, कारण अण्णानं सांगितलं होतं की त्याच्याकडं पगार शनिवारी होतो. अंधार पडायला आलेला, बाहेर एक बल्ब लावलेला, हा सिमेंटच्या पोत्यांवर बसलेला आणि मांडीवर लांबट वही. एकेकाला हाक मारत होता, हजेरी वाचून दाखवत होता, पाच दिवस, साडेपाच दिवस, मधे घेतलेली उचल वजा करून पैसे हातात देत होता. एका बिगारी बाईनं सांगितलं की बुधवारची अर्धी हजेरी लागली नाही, त्यानं मिस्त्रीला विचारलं, मिस्त्री होय म्हणाला, तिथल्या तिथं वहीत दुरुस्त करून वरचे पैसे दिले. मी गेटजवळ उभी होते, पंधरा-वीस मिनिटं, त्याचं लक्षपण नव्हतं. मी घरी येऊन दादाला फोन केला आणि सांगितलं की माझं ठरलंय.

एक जुनं काम पण बघितलं, तीन वर्षांपूर्वी केलेलं बाथरूम, तेसुद्धा अण्णाकडून पत्ता घेऊन. तिथं टाइल्सची चकाकी बघत बसायचं नसतं, बाथरूमच्या भिंतीच्या पलीकडं कुठली खोली आहे तिथं जायचं आणि खालचा दीड फूट हात फिरवून बघायचा, रंगाचे पोपडे आहेत का, मीठ फुटलंय का. मग एक रुपयाचं नाणं घेऊन टाइल्सवर वाजवत जायचं, खाली माल नीट भरलेला असेल तर टणक आवाज येतो, पोकळ असेल तर लगेच वेगळा कळतो. सत्तर-ऐंशी टाइल्समधे दोन पोकळ निघाल्या. तेवढं चालतं असं इंजिनिअर म्हणाले.

करार आम्ही लिहून केला, स्टॅम्पवर, इंजिनिअरची यादी त्याला जोडली आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. उचल 40,000, पुढचे पैसे काम पूर्ण झालेल्या टप्प्यावर, आणि शेवटचे 25,000 पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर. शेवटच्या अटीवर तो जरा थांबला. म्हणाला पाऊस जूनमधे, माझं काम एप्रिलमधे संपतंय, दोन महिने माझे पैसे अडकणार. आम्ही म्हणलं गच्चीचं काम उन्हाळ्यात बघून कसं कळणार. मान्य केलं त्यानं, पण बदल्यात एक अट घातली, वाढीव काम असेल तर आधी फोटो आणि रक्कम व्हॉट्सअॅपवर, तुमचं होय आल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि होय म्हणल्यावर नंतर घासाघीस करायची नाही. ही अट मला फार आवडली, कारण भांडणं नेमकी तिथंच होतात.

12 फेब्रुवारीला काम सुरू झालं. त्यानं सगळं एकदम उघडलं नाही, आधी लिंटेल, मग गच्ची, मग बाथरूम, शेवटी ओटा. त्याच्या टोळीत अण्णा पण होता, तो आला म्हणून आईला निम्मं बरं वाटलं. लिंटेलच्या कॉंक्रीटला आठ दिवस झाल्यावर दादा पुण्याहून आला होता, त्याला घाई, तो म्हणाला जॅक काढा की आता, वावरायला जागा नाही. कॉन्ट्रॅक्टरनं वाद घातला नाही, फक्त म्हणाला "दादा, साहेबांनी 14 लिहिलंय, मी पंधराव्या दिवशी काढतो." आणि पंधराव्या दिवशी काढले. गच्चीवर कोब्याला सिमेंटच्याच मालाची छोटी छोटी आळी केली, त्याच्यात पाणी भरून ठेवलं, लिंटेलला गोणपाट गुंडाळून दिवसातून तीन वेळा भिजवणं. मधे एक टँकर मागवावा लागला, मार्चमधे.

वाढीव काम एकच निघालं. बाथरूमची जमीन खोदल्यावर जुनी चिनीमातीची ड्रेनेज लाइन दोन ठिकाणी फुटलेली सापडली, आणि ती हौदापासून अवघी सहा-सात फुटांवर. फोटो आला, 23,000 लिहून आले, मी शाळेच्या स्टाफरूममधून होय पाठवलं. पहिल्या माणसानं याच्यावरच नव्या टाइल्स बसवल्या असत्या असं मला वाटतं, निदान ते ड्रेनेज त्याच्या एका ओळीत तरी नव्हतं.

बाथरूमला वॉटरप्रूफिंग केल्यावर टाइल्स लावायच्या आधी पाण्याची टेस्ट घेतली. नानी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जायचं तोंड, कपडा आणि प्लास्टिक घालून बंद केला, दोन इंच पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली. 48 तास ठेवायचं. बाबांनी विचारलं की उन्हाळा आहे, पाणी असं पण उडून जाईल, मग गळती कळणार कशी. तेव्हा अण्णानं आईची पितळी परात मागून घेतली, तेवढंच पाणी त्याच्यात भरून तिथंच बाजूला विटांवर ठेवली. परातीत जेवढं उतरेल तेवढं हवेचं, त्याच्यापेक्षा जास्त उतरलं तर गळतंय. दोन दिवसांनी बाबांनी पट्टी घेऊन स्वतः मोजलं, दोन्हीकडं सारखंच उतरलं होतं.

दुसरा कॉन्ट्रॅक्टर चांगला निघाला म्हणजे सगळं सुरळीत झालं असंपण नाही. 50 दिवस सांगितलेलं काम 63 दिवसांनी संपलं. उगादीला त्याची माणसं गावाला जातात हे त्यानं आधीच सांगितलं होतं, 9 एप्रिलला पाडवा, पाच दिवस जाणार हे धरलेलंच होतं, पण सुताराकडून किचनच्या ट्रॉल्या यायला उशीर झाला आणि त्याबद्दल त्यानं आम्हाला चार दिवस उशिरा सांगितलं. मला राग आला होता आणि मी बोलले पण. बाथरूमचा दरवाजा करारात 2 फूट 9 इंच होता, वॉकर जातो, पण कडी जरा वर बसलीय, आईला हात उंच करावा लागतो, ती अजून बदलायचीय.

आई 14 एप्रिलला परत घरी गेली. जूनमधे एका रात्री दोन-अडीच तास धो धो पाऊस पडला, आणि सकाळी सातला, आम्ही फोन करायच्या आधी, हा गेटवर उभा. सरळ गच्चीवर गेला. कोब्याच्या एका कोपऱ्यात पाइपच्या तोंडाशी ताटाएवढं पाणी साचलेलं होतं. खाली किचनचा स्लॅब कोरडा होता, बाबा म्हणाले पण की असू दे, वाळून जाईल. तो म्हणाला नाही काका, ढाळ चुकलाय तिथं. त्याच आठवड्यात पाऊस उघडल्यावर अण्णाला आणून तेवढा तुकडा फोडून परत केला, त्याचे पैसे लावले नाहीत.

बाबांनी 25,000 चं पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं मोजून घेतलं, खिशातून ती लांबट वही काढली, आणि अण्णाची दीड दिवसाची हजेरी आमच्या पायरीवर बसूनच चुकती केली.